आयओपीएल, आरडीपीएमसी आणि सीआर-४ मधला एक बिट

प्रश्न भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या ऑटोमेशन कंपनीतून आला आहे. स्टेपर मोटर चालवणारा त्यांचा एक जुना सी प्रोग्राम आहे. तो रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणून सुरू होतो, आयओपीएल ३, म्हणजे हार्डवेअर पोर्ट थेट हाताळायची परवानगी मागून घेतो, सीएलआय करून इंटरप्ट (चालू काम थांबवणारे हार्डवेअरचे संकेत) बंद करतो, पॅरलल पोर्टवर पल्स टाकतो आणि एसटीआय करून इंटरप्ट परत चालू करतो. जुन्या पीसीवर हे वर्षानुवर्षं चाललं. पीसी बदलला, नवं लिनक्स टाकलं, आणि आता मधूनच पल्स हुकतात, जॉब वाया जातो. कारण शोधायला म्हणून त्यांनी आरडीपीएमसी ही इन्स्ट्रक्शन वापरून प्रोसेसरचा परफॉर्मन्स काउंटर (सायकल वगैरे मोजणारा) थेट वाचायचा प्रयत्न केला, तर प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टनं पडला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं सुचवलं की कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसणारं चार ओळींचं मॉड्यूल लिहा, प्रोसेसरच्या सोयी उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या सीआर-४ रजिस्टरमधला बिट चालू करा, सगळं उघडेल. तर हे करावं का, आणि ऑपरेटिंग सिस्टिम मुळात अडवते कशाला?

मॉड्यूल लिहू नका. उत्तर लांब आहे, मशीन मात्र रोज चालू आहे, म्हणून हे आधी सांगून टाकतो.

आता कारण. एक्स-८६ प्रोसेसरमध्ये चार रिंग, म्हणजे अधिकाराच्या पातळ्या आहेत. लिनक्स त्यांपैकी दोनच वापरतं, शून्य कर्नलला आणि तीन आपल्या प्रोग्रामला. पण कोणती इन्स्ट्रक्शन कुठे चालेल हे फक्त रिंगवर ठरत नाही. अनेक इन्स्ट्रक्शनना स्वतःचं वेगळं कुलूप असतं आणि ती कुलपं बरीचशी सीआर-४ मध्ये आहेत. टाइमस्टँप वाचणाऱ्या आरडीटीएससीला एक बिट, आरडीपीएमसीला दुसरा, एफएस आणि जीएस रजिस्टरांचा बेस बदलणाऱ्या इन्स्ट्रक्शनना तिसरा. म्हणजे प्रोसेसर बनवणाऱ्यांनीच गृहीत धरलं आहे की यांतलं काही कधीतरी साध्या प्रोग्रामला द्यावं लागेल, आणि ते कधी द्यायचं हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवेल.

ते ठरवताना कर्नल तीन गोष्टी पाहतो. या सोयीचा परिणाम मागणाऱ्या प्रोसेसपुरता, म्हणजे त्या चालू प्रोग्रामपुरता राहतो का, की त्याच कोअरवरच्या दुसऱ्याला लागतो? प्रोसेस कोणत्याही क्षणी बाजूला काढली, तर तिची स्थिती जपून परत देता येते का? आणि दिलेली सोय काढून घेता येते का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर सोय थेट द्यायला हरकत नसते. एक जरी ‘नाही’ असेल, तर मध्ये कर्नल बसलेलाच बरा. तुमच्या दोन्ही अडचणी या तीन प्रश्नांतून सुटतात.

आधी सीएलआय. आयओपीएल ३ मिळालं की जुन्या कर्नलवर रिंग तीनमधला प्रोग्राम खरोखरच इंटरप्ट बंद करू शकत असे. पण बंद होत ते फक्त त्या एका कोअरचे. बाकीचे कोअर चालूच, त्यामुळे दुसऱ्या कोअरवरून कुणी तोच पोर्ट हाताळत असेल तर सीएलआय काहीच अडवत नाही. शिवाय त्या खिडकीत एखादा पेज फॉल्ट झाला (हवं ते मेमरीचं पान जागेवर नसलं) की प्रोग्राम कर्नलमध्ये जातो आणि कर्नल तिथून दुसरीच प्रोसेस चालवायला घेऊ शकतो. आणि इंटरप्ट बंद असताना प्रोग्राम लूपमध्ये अडकला, तर त्या कोअरला हलवायला टायमरही येत नाही. म्हणजे परिणाम त्या कोअरवरच्या सगळ्यांवर, आणि काढून घ्यायची सोय नाही. वर त्यानं जे मिळतंय असं वाटायचं, त्याची हमीही कधी नव्हती. एककोअरी पीसीवर, मेमरी भरपूर असताना, ते बहुतेक वेळा जमून जायचं इतकंच.

लिनक्स ५.५ मध्ये, म्हणजे २०२० च्या जानेवारीत, हे बदललं. तेव्हापासून आयओपीएल ही आयओपर्म या दुसऱ्या सिस्टिम कॉलची (कर्नलकडे करायच्या मागणीची) नक्कल आहे: पोर्टांची परवानगी मिळते, इंटरप्टांची नाही. सीएलआय केलं की प्रोग्राम सरळ पडायचा. त्यामुळे काही जुनं सॉफ्टवेअर मोडलं, म्हणून पुढे २०२१ मध्ये कर्नलनं एक सवलत दिली. आयओपीएल ३ घेतलेल्या प्रोसेसनं सीएलआय किंवा एसटीआय केलं, तर कर्नल ती इन्स्ट्रक्शन ओलांडून पुढे जातो आणि लॉगमध्ये इशारा लिहितो. तुमच्याकडे प्रोग्राम पडत नाही पण पल्स हुकतात, यावरून मला जवळजवळ खात्री आहे की हेच होतंय. कर्नलचा लॉग दाखवणारी डीमेसेज ही कमांड चालवून पाहा, तुमच्या प्रोग्रामच्या नावानं इशारा दिसेल. तुमचा कोड समजतोय की इंटरप्ट बंद आहेत, आणि ते कधी बंद झालेलेच नाहीत. एवढंच नाही, तर ओलांडण्यासाठी दर वेळी कर्नलमध्ये फेरी होते आणि तिचा वेळ पल्सच्या अंतरात मिसळतो.

दुरुस्ती अशी करा. सीएलआय आणि एसटीआय काढून टाका. आयओपीएलच्या जागी आयओपर्म वापरा आणि तुम्हाला लागणारे तीनच पोर्ट मागा: हेक्स ३७८ पासून पुढचे तीन, म्हणजे डेटा, स्टेटस आणि कंट्रोल. नव्या मदरबोर्डवर सहसा पॅरलल पोर्ट नसतो, त्यामुळे तुम्ही बहुधा पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पीसीआय एक्सप्रेस कार्ड आणलं असेल. त्याचा पत्ता हेक्स ३७८ नसणार. एलएसपीसीआय ही कमांड तपशिलासह चालवली की खरा पत्ता कळतो. आयओपर्मसाठी पूर्ण रूट लागत नाही, कॅप-सिस-रॉआयओ ही एक क्षमता पुरते. ती क्षमताही छोटी नाही, पण अख्ख्या रूटपेक्षा कमी आहे. आणि सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चालू असेल तर अनेक डिस्ट्रोंमध्ये कर्नल लॉकडाउनमध्ये जातो आणि आयओपर्मला नकार देतो. कुणी ‘सिक्युअर बूट बंद करा’ म्हणेल. त्याआधी पीपीडेव्ह पाहा.

पीपीडेव्ह म्हणजे कर्नलनं पॅरलल पोर्टसाठी दिलेली डिव्हाइस फाइल. तुम्ही पोर्टवर हक्क सांगता, मग आयओसीटीएल या सिस्टिम कॉलनं बाइट लिहिता. दर बाइटला सिस्टिम कॉल होतो, म्हणून लोक त्याला हळू म्हणतात. पण पॅरलल पोर्टवरची एक आउट इन्स्ट्रक्शनच सुमारे एक मायक्रोसेकंद खाते, कारण तो व्यवहार जुन्या बसच्या वेगानं होतो. सिस्टिम कॉलचा खर्च त्याच्या काही अंश असतो. थेट प्रवेशानं वेग वाढेल ही समजूत या ठिकाणी फारशी टिकत नाही, आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे मोजून दाखवा, कारण ही समजूत पुण्यातल्या बऱ्याच शॉप फ्लोअरवर मी ऐकली आहे.

वेळ पाळायची असेल तर त्याचा मार्ग वेगळा आहे. पीआरईईएमपीटी-आरटी, म्हणजे ठरल्या वेळेत काम करू देणारी कर्नलची सोय, आता मुख्य लिनक्समध्ये आहे, ६.१२ पासून, म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरपासून. तो कर्नल घ्या, पल्स टाकणाऱ्या थ्रेडला फिफो (अग्रक्रमाचं) शेड्युलिंग द्या, एमलॉकऑलनं मेमरी जागेवर खिळवा म्हणजे पेज फॉल्ट होणार नाही, एक कोअर त्याच्यासाठी राखून ठेवा आणि बाकीचे इंटरप्ट त्या कोअरवरून हलवा. एवढं करूनही बायोसचा सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट मध्ये येऊ शकतो. तो सीएलआयनंही कधी थांबत नव्हता. माझं स्पष्ट मत असं की पल्स तयार करण्याचं काम पीसीकडे ठेवूच नका. काहीशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर हे काम हार्डवेअर टायमरनं बिनचूक करतो, पीसीनं त्याला फक्त पुढचा मार्ग सांगायचा. स्पिंडलजवळ माणूस उभा असतो. हुकलेल्या पल्सनं आज जॉब वाया गेला, उद्या टूल भलतीकडे जाऊ शकतं.

आता आरडीपीएमसी. इथे परिस्थिती उलट आहे: ही सोय कर्नल तुम्हाला थेट द्यायला तयार आहे, फक्त तुम्ही दार न वाजवता आत गेलात.

काउंटर वाचणं रिंग तीनमध्ये शक्य आहे, पण कोणत्या काउंटरनं काय मोजायचं हे ठरवणारी रजिस्टरं मॉडेल स्पेसिफिक, म्हणजे एमएसआर आहेत, आणि ती फक्त रिंग शून्यातून लिहिता येतात. त्यामुळे मॉड्यूलनं बिट चालू केला तरी तुमच्या हाती एकतर शून्य येईल, नाहीतर दुसऱ्या कुणासाठी लावलेला आकडा. वरून कर्नल सीआर-४ ची स्वतःची एक प्रत प्रत्येक कोअरसाठी जपतो. तुम्ही परस्पर लिहिलेला बिट त्या प्रतीत नसतो, आणि कर्नलनं पुढे कधी त्या प्रतीवरून सीआर-४ लिहिलं की तुमचा बिट पुसला जातो. प्रोग्राम दिवसभर चालेल आणि संध्याकाळी विनाकारण पडेल. असा दोष शोधण्यात आठवडे जातात.

योग्य मार्ग पर्फचा, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या मोजमाप यंत्रणेचा आहे. पर्फ-इव्हेंट-ओपन या सिस्टिम कॉलनं आपल्याच थ्रेडसाठी एक इव्हेंट उघडा, उदाहरणार्थ सायकल. मिळालेल्या फाइल डिस्क्रिप्टरवर एक पान एममॅप करा, म्हणजे आपल्या मेमरीत जोडून घ्या. त्या पानात कर्नल तुमच्यासाठी माहिती लिहीत राहतो: थेट वाचायची परवानगी आहे का हा बिट, काउंटरचा क्रमांक, त्यात मिळवायची जुनी बेरीज, काउंटर किती बिटांचा आहे, आणि एक कुलूप-क्रमांक. वाचायची रीत ठरलेली आहे. आधी कुलूप-क्रमांक वाचा, मग काउंटर क्रमांक आणि बेरीज घ्या, क्रमांकातून एक वजा करून आरडीपीएमसी करा, आलेल्या आकड्याला काउंटरच्या रुंदीनुसार चिन्ह लावून बेरजेत मिळवा, आणि शेवटी कुलूप-क्रमांक पुन्हा पाहा. बदलला असेल तर मधल्या काळात तुमचा थ्रेड हलवला गेला होता; पुन्हा सुरुवात करा. काउंटर क्रमांक शून्य आला तर त्या क्षणी तुमचा इव्हेंट हार्डवेअरवर नाही, तेव्हा साध्या रीड कॉलनं वाचा. हा शून्याचा तपास लोक विसरतात. मग शून्यातून एक वजा होऊन भलत्याच क्रमांकाचा काउंटर मागितला जातो आणि पुन्हा सेगमेंटेशन फॉल्ट.

हे चालतं कारण तुम्ही पान एममॅप करताच कर्नल तुमच्या प्रोसेसच्या मेमरी नकाशावर नोंद करतो, आणि तुमची प्रोसेस कोअरवर आली की तो बिट चालू करतो, गेली की बंद. लिनक्स ४.० च्या आधी तो बिट सगळ्यांसाठी सरसकट उघडा असे. २०२१ मध्ये आणखी एक फट बुजवली: परवानगी असलेली प्रोसेस कोअरवर येताना, आधीच्या कुणाचे आकडे काउंटरमध्ये उरले असतील तर ते शून्य केले जातात. वरचे तीन प्रश्न परत लावून पाहा. परिणाम स्वतःपुरता केला, स्थिती जपण्याची सोय केली, काढून घेता येईल असं केलं, आणि मगच दार उघडलं. तुमच्या चार ओळींच्या मॉड्यूलमध्ये यांतलं एकही काम होत नाही.

दोन व्यावहारिक अडचणी येतील. डॉकरमध्ये चालवत असाल तर त्याचं सिस्टिम कॉल गाळणारं मूळ सेककॉम्प प्रोफाइल पर्फ-इव्हेंट-ओपन अडवतं. कॅप-पर्फमॉन ही क्षमता द्या, ती ५.८ पासून याच कामासाठी वेगळी काढली आहे. आणि इंटेलचा मोठ्या-छोट्या कोअरांचा प्रोसेसर असेल तर दोन प्रकारच्या कोअरांचे काउंटर वेगळे असतात, तेव्हा थ्रेड एका कोअरला बांधून घ्या.

फक्त वेळ मोजायची असेल तर यातलं काहीच लागत नाही. क्लॉक-गेटटाइम हे व्हीडीएसओमधून, म्हणजे कर्नलनं प्रोग्रामच्या मेमरीत ठेवलेल्या कोडमधून, कर्नलमध्ये न जाताच, उत्तर देतं आणि आतून आरडीटीएससीच वापरतं. आरडीटीएससी स्वतः वापरायचं तर एवढं ध्यानात ठेवा की आजच्या प्रोसेसरांवर ते स्थिर गतीनं वाढतं, कोअरची घड्याळगती कमी-जास्त झाली तरी. ते वेळ सांगतं, सायकल नाही.

कर्नलचे लोक उगाच घाबरतात, असं तुमच्या सहकाऱ्यांना वाटत असेल तर त्यांना एफएसजीएसबेसची हकीकत सांगा. मला ती या विषयातली सगळ्यांत शिकण्यासारखी वाटते. २०१२ च्या आयव्ही ब्रिजमध्ये इंटेलनं एफएस आणि जीएसचा बेस थेट बदलणाऱ्या इन्स्ट्रक्शन आणल्या. थ्रेडची खासगी माहिती या रजिस्टरांतून मिळते, आणि तोवर ती बदलायला सिस्टिम कॉल लागायचा. उघडायचं होतं सीआर-४ मधला एक बिट. लिनक्सला त्यासाठी ५.९ पर्यंत, म्हणजे २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. का? कर्नल स्वतः प्रत्येक कोअरची माहिती जीएसमधून मिळवतो आणि आत येताना स्वॉपजीएसनं प्रोग्रामचा जीएस बाजूला ठेवून स्वतःचा लावतो. पण नॉन-मास्केबल (रोखता न येणाऱ्या) इंटरप्टसारख्या काही वाटांनी आत येताना अदलाबदल आधीच झाली आहे की नाही हे कळायला हवं. कर्नल त्यासाठी बेसचं चिन्ह पाहायचा: कर्नलचे पत्ते ऋण दिसतात, प्रोग्रामचे धन. हा तपास चालत होता कारण साध्या प्रोग्रामला जीएसमध्ये ऋण पत्ता घालायची मुभाच नव्हती. नव्या इन्स्ट्रक्शन उघडल्या की प्रोग्राम हवा तो आकडा घालू शकतो, कर्नल फसतो आणि हल्लेखोरानं दिलेला पत्ता स्वतःची माहिती समजून वापरतो. आत येण्याच्या त्या सगळ्या वाटा नव्यानं लिहाव्या लागल्या. मधल्या काळात काही प्रकल्पांनी बाहेरचं मॉड्यूल लावून तो एक बिट परस्पर चालू केला होता. त्या मशीनांवर कोणताही साधा वापरकर्ता रूट होऊ शकत होता. तुमच्या सहकाऱ्यांनी सुचवलेलं मॉड्यूल याच जातीचं आहे. आरडीपीएमसीचा बिट इतका घातक नाही, पण बिट उघडताना त्यावर कोण विसंबून आहे हे न पाहण्याची सवय तीच.

विंडोजवरही हेच घडलं. पंख्यांची गती आणि तापमान दाखवणाऱ्या अनेक प्रोग्रामांनी विनरिंगझिरो नावाचा ड्रायव्हर सोबत दिला. तो एमएसआर आणि पोर्ट साध्या प्रोग्रामपर्यंत पोचवतो, मागणारा कोण हे नीट न पाहता. २०२० मध्ये त्याची दुर्बलता अधिकृतपणे नोंदली गेली.

आणि फक्त वाचायला दिलं तर काय बिघडतं, असंही कुणी विचारेल. लिनक्स पूर्वी प्रोसेसरनं किती ऊर्जा खाल्ली याचा आकडा कुणालाही वाचू देत असे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये प्लॅटिपस हा हल्ला जाहीर झाला: त्या आकड्यांच्या चढउतारावरून गुप्त चाव्या काढता येत होत्या. तेव्हापासून ती फाइल फक्त रूटला वाचता येते. त्याआधी वर्षभर प्लंडरव्होल्टनं एमएसआर हेक्स १५० लिहून व्होल्टेज उतरवलं आणि इंटेलच्या एसजीएक्सच्या सुरक्षित कप्प्यातली गणितं चुकवून दाखवली. व्होल्टेज हे एका प्रोसेसचं कधीच नसतं.

सोय नीट दिल्याचीही उदाहरणं आहेत. इंटेलच्या एएमएक्स या इन्स्ट्रक्शनसंचाचं घ्या. मॅट्रिक्सच्या गुणाकारासाठी त्यात आठ टाइल आहेत, प्रत्येकी एक किलोबाइट, म्हणजे प्रोसेस बदलताना जपायला ८ किलोबाइट जास्त. सगळ्यांना सरसकट दिलं तर सिग्नल आल्यावर छोट्या स्टॅकवर एवढी स्थिती मावणार नाही आणि जुने प्रोग्राम मोडतील. म्हणून लिनक्स ५.१६ पासून प्रोसेसनं आर्क-पीआरसीटीएल या सिस्टिम कॉलनं आधी परवानगी मागायची. तिचा सिग्नलसाठीचा वेगळा स्टॅक अपुरा असेल तर नकार, न मागता वापरलं तर एसआयजीआयएलएल, म्हणजे बेकायदा इन्स्ट्रक्शनचा सिग्नल. यूएमवेट या इन्स्ट्रक्शननं प्रोग्राम स्वतःच कोअरला क्षणभर झोपवू शकतो. कर्नलनं त्यावर मुळात १ लाख टाइमस्टँप सायकलींची मर्यादा घातली, ३ गिगाहर्ट्‌झला साधारण ३३ मायक्रोसेकंद.

तुम्हाला खरोखरच रिंग शून्य हवं असेल, स्वतःची पेज टेबलं, स्वतःचे एक्सेप्शन हँडलर, तर त्यालाही रीतसर वाट आहे. स्टॅनफर्डच्या मंडळींनी २०१२ मध्ये ड्यून मांडलं. कल्पना सुंदर आहे: इंटेलची व्हर्च्युअलायझेशनची सोय घ्यायची, पण तिच्यात अख्खं मशीन न चालवता एकच प्रोसेस चालवायची. ती प्रोसेस आतल्या बाजूला रिंग शून्यात असते, पेज टेबल आणि एक्सेप्शन थेट हाताळते, आणि लिनक्सचा सिस्टिम कॉल लागला की व्हीएमकॉलनं बाहेर येऊन मागते. बाहेरचं कुंपण दुसऱ्या पातळीच्या पेज टेबलांचं, त्यामुळे आत काहीही केलं तरी दुसऱ्याला धक्का नाही. तिन्ही प्रश्नांना हार्डवेअरकडूनच ‘हो’ मिळवलं. गूगलचं जीव्हायझर (प्रोग्राम कोंडून चालवणारं सॉफ्टवेअर) केव्हीएमवर, म्हणजे लिनक्सच्या व्हर्च्युअलायझेशनवर चालतं तेव्हा असंच करतं. तुमच्या आवडीसाठी म्हणून एखाद्या रविवारी केव्हीएमची डिव्हाइस फाइल उघडून, थोडी मेमरी देऊन, पाच-दहा इन्स्ट्रक्शन रिंग शून्यात चालवून पाहा. तिथे सीआर-४ चा तो बिट हवा तितक्या वेळा बदला.

यातलं सगळं एक्स-८६ चं आहे. तुम्ही मायक्रोकंट्रोलरऐवजी रास्पबेरी पाय घेतलात, तर तिथे सायकल काउंटर वाचल्यावर सेगमेंटेशन फॉल्टऐवजी इल्लीगल इन्स्ट्रक्शन येईल. कारण तेच, कुलूप मात्र पीएमयूएसईआरईएनआर नावाच्या रजिस्टरमध्ये. ५.१७ पासून ६४ बिटी एआरएम लिनक्सवरही पर्फमधून थेट वाचता येतं, पण पर्फ-यूजर-ॲक्सेस हे सिस्टिम कंट्रोल आधी १ करावं लागतं.

जाता जाता पुण्यातली एक गोष्ट. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेनं १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बनवला तो ट्रान्सप्यूटर या चिपांवर. त्या चिपमध्ये एमएमयू (प्रोग्रामांची मेमरी वेगळी राखणारा भाग) नव्हतं आणि युजर-सुपरवायझर असा भेदही नव्हता. प्रत्येक प्रोग्रामला सगळं हार्डवेअर उघडं. एका नोडवर एकाच कामाचे प्रोग्राम असतील तर ते चालून जातं. तुमच्या मायक्रोकंट्रोलरवरही तसंच चालेल. तुमच्या पीसीवर मात्र एचएमआय (मशीन हाताळायचा पडदा) आहे, डेटाबेस आहे, रिमोट सपोर्टचं सॉफ्टवेअर आहे, आणि त्यांतलं एक इंटरनेटला जोडलेलं आहे.

उद्या सकाळी एवढंच करा: डीमेसेजमध्ये तो इशारा शोधा. सापडला तर सीएलआय-एसटीआय काढा, फिफो आणि एमलॉकऑल लावा आणि जॉब न लावता, मोटर कोरडी चालवून पल्समधलं अंतर ऑसिलोस्कोपवर पाहा. सगळ्यांत मोठं अंतर किती येतं ते इथेच लिहा. त्यावरून आरटी कर्नल पुरेल की मायक्रोकंट्रोलरच घ्यावा लागेल हे सांगता येईल.